नागरिकशास्त्रालाही एक अपठित उतारा द्या

प्रति,
राज्याच्या नव्या अभ्यासक्रमासाठी नागरिकशास्त्र आणि राज्यशास्त्राची पुस्तके लिहिणाऱ्या समितीच्या सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

मी निफाड तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत 22 वर्षे इतिहास-भूगोल शिकवते. वेळापत्रकात माझ्या तासाला 'इति.' असे लिहितात. राज्यशास्त्र त्या टिंबाच्या पलीकडे कुठेतरी असते. त्या टिंबाविषयीच हे पत्र आहे.

नव्या अभ्यासक्रमाच्या चर्चेत 'जागतिक नागरिकत्व' हा शब्द सारखा कानावर येतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तो आहे, संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये ठरवलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांतही आहे. शब्दाशी माझे भांडण नाही. पण पुढे काय होणार ते मला आत्ताच दिसते आहे. नववीच्या राज्यशास्त्रात सध्या सहा धडे आहेत, सातवा येईल. त्यात रंगीत चौकट येईल. स्वाध्यायात 'संकल्पना स्पष्ट करा : जागतिक नागरिकत्व' येईल. दिवाळीच्या आत गाईड येईल, गाईडात चार ओळींचे उत्तर येईल, आणि त्या चार ओळी पाठ झाल्या की आमची मुले जगाची नागरिक होतील.

सध्याची पुस्तके वाईट आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. सहावीत ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, सातवीत संविधान, आठवीत संसद आणि न्यायव्यवस्था, नववीत परराष्ट्र धोरण, संयुक्त राष्ट्रे, भारत व अन्य देश, दहावीत निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी. गावापासून न्यूयॉर्कपर्यंतचा रस्ता कुणीतरी विचार करून आखला आहे. अडचण रस्त्याच्या शेवटी आहे, म्हणजे प्रश्नपत्रिकेत. दहावीचा इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर 40 गुणांचा, दोन तासांचा. त्यात मोठा वाटा इतिहासाचा. राज्यशास्त्र पुस्तकाच्या मागच्या भागात आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत. जानेवारीत सराव परीक्षा डोक्यावर आली की बहुतेक शाळांत ते 'वाचून घेतात'. मीही घेतले आहे.

आता माझ्या वर्गातला एक तास सांगते.

8 डिसेंबर 2023, शुक्रवार. केंद्र सरकारने कांद्याची निर्यात मार्चअखेरपर्यंत बंद केली. त्याआधी ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लावले होते, ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य ठरवले होते, आणि आता सरळ बंदी. लाल कांदा नुकता कुठे बाजारात येऊ लागला होता. आमच्याकडचे लिलाव बंद पडले, महामार्गावर रास्ता रोको झाला. सोमवारी मी नववीच्या वर्गात गेले तेव्हा निम्मे बाक रिकामे होते. माझ्या टाचणात त्या दिवशी 'भारत व अन्य देश' होता. मी फळ्यावर 'बांगलादेश' लिहिले आणि खाली 1971, 1996 चा गंगा पाणीवाटप करार, 2015 ची भूभागांची अदलाबदल असे मांडायला लागले.

मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, या बांगलादेशलाच जायचा ना आपला कांदा?"

मी खडू खाली ठेवला. उरलेली 30 मिनिटे मी फारसे शिकवले नाही, नुसते लिहून घेत राहिले. कांदा कुणाकुणाच्या हातातून जातो? शेतकरी, लावणी-काढणीचे मजूर, पिकअपवाला, बाजार समिती, व्यापारी, खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बाया, ट्रकवाला, सीमेवरचा कस्टमवाला, ढाक्याचा घाऊक व्यापारी, ढाक्याची एखादी आई. बंदीने कुणाचे काय झाले? शेतकऱ्यांच्या मुलांचे उत्तर तयारच होते, मोठ्या आवाजात होते. मग एक मुलगी उठली. घरी जमीन नाही, आई एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते. ती म्हणाली, "लिलाव बंद म्हणजे आईची हजेरी बंद. आमचं तर सगळ्यात आधी बंद झालं." वर्ग जरा शांत झाला. मग एकाने सांगितले, त्याची कल्याणची मावशी फोनवर म्हणाली, महाग होता तेव्हा आम्ही काय खातो हे तुम्ही कुणी विचारलं होतं का. त्यावर हशा झाला, पण तो मुलगा हसला नव्हता. ढाक्यात काय झाले असेल? मोबाइल शाळेत आणायचा नसतो, तरी तो कुणाच्या तरी दप्तरात असतोच. तिथे एक-दोन दिवसांत भाव भडकल्याची बातमी मिळाली. मग मीच त्यांना 2019 ची गोष्ट सांगितली. तेव्हाही आपण अशीच बंदी घातली होती आणि काही दिवसांतच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. भर कार्यक्रमात त्या म्हणाल्या होत्या की, मी आमच्या आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितले आहे. निदान आधी कळवत तरी जा. मुले खो खो हसली. 'शेजारी देशांशी मैत्रीपूर्ण संबंध' हे वाक्य पुस्तकात आहे. त्याच्या पोटात काय काय असते ते त्यांना त्या आचाऱ्यामुळे कळले.

शेवटी तो पहिला मुलगा पुन्हा उठला. "पण मॅडम, हे ठरवतं कोण? म्हणजे सही कुणाची असते?"

विदेश व्यापार महासंचालनालय. 1992 चा कायदा. त्या कायद्याने केंद्राला दिलेला अधिकार, आणि संसदेत न जाता एका अधिसूचनेने दुसऱ्या दिवसापासून लागू होणारा निर्णय. मला हे माहीत होते कारण माझ्या सासऱ्यांचा दीड एकर कांदा तेव्हा शेतात उभा होता आणि घरात दुसरा विषय नव्हता. पुस्तकातून मला हे कधीच कळले नसते. बाजू माझ्याही पोटात होती. फळ्यावर मी ती येऊ दिली नाही, एवढेच.

बंदी 4 मे 2024 ला उठली, पण शुल्क लावूनच. उरलेसुरले 20 टक्के शुल्क 1 एप्रिल 2025 ला गेले. तोवर ती मुले दहावीचा पेपर देऊन मोकळी झाली होती. त्या पेपरात त्यांच्या घरच्या कांद्याला जागा नव्हती. नववीच्या वार्षिक परीक्षेत मात्र मी 'भारत-बांगलादेश संबंध' अशी टीप विचारली होती, नेहमीसारखीच. त्या मुलीने चार ओळी 1971 वर लिहिल्या आणि पुढचे अर्धे पान खळ्यावर, आईच्या हजेरीवर. नमुना उत्तराप्रमाणे त्या अर्ध्या पानाला शून्य. मी किती दिले ते इथे सांगत नाही.

जग आमच्या मुलांना 'शिकवावे' लागते हा समजच मला चुकीचा वाटतो. ते आमच्या बांधावर केव्हाच आले आहे. त्याच हंगामात लाल समुद्रात जहाजांवर हल्ले चालू होते, म्हणून आमच्या तालुक्यातल्या द्राक्षांचे कंटेनर न्हावा शेवाहून सुएझऐवजी आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून युरोपला जात होते. भाडे वाढले, माल पोचायला दिवस जास्त लागले. माझ्या वर्गातल्या मुलांनी केप ऑफ गुड होप नकाशात बोटाने दाखवले, आणि ते वास्को द गामासाठी नव्हे. 2010 मध्ये सीसीसी या संजीवकाचा, म्हणजे वेलीच्या वाढीवर परिणाम करणाऱ्या रसायनाचा, अंश सापडला म्हणून युरोपने आपली द्राक्षे नाकारली होती. ती आठवण इथल्या कितीतरी घरांत अजून कडू आहे. 'रेसिड्यू', म्हणजे मालात उरलेला रसायनाचा अंश, हा शब्द आमच्याकडे पाचवीच्या पोराला येतो. आपले पीक दुसऱ्याच्या पोटात जाणार, म्हणून त्याचा नियम आपल्याला लागू होतो. परस्परावलंबनाचा यापेक्षा सोपा धडा मला तरी लिहिता येणार नाही. पोटॅश या खताची गोष्ट तशीच. आपण ते जवळजवळ सगळे बाहेरून आणतो, आणि 2022 मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा इथल्या कृषी सेवा केंद्रात गोणीच्या भावावरून भांडणे झाली.

आणि हे जगाचे भान मराठी माणसाला कुणी बाहेरून आणून द्यावे लागले, असेही नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केले ते अमेरिकेतल्या, गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून, दीडशे वर्षांपूर्वी. 1946 मध्ये, संयुक्त राष्ट्रे स्थापन होऊन वर्षही झाले नव्हते, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले: तुमच्या लोकांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जे निवेदन गेले आहे त्याच्या प्रती मला हव्या आहेत. मुंबईच्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरू राहिलेल्या हंसाबेन मेहता यांनी 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणारा शब्द काढून 'सर्व माणसे' असे करायला लावले. संयुक्त राष्ट्रांचा धडा 24 ऑक्टोबर 1945, सहा प्रमुख शाखा, 193 सदस्य असा शिकवला की मुले जांभया देतात. हंसाबेनचा तो एक शब्द सांगितला की मुली ताठ बसतात. मी हे दरवर्षी पाहते.

जगाचे सोडा, समोरच्या ग्रामपंचायतीचेही तसेच आहे.

परिपाठात रोज उद्देशिका होते. 26 जानेवारी 2020 पासून तर सक्तीनेच. सातवीतला एक मुलगा ती सर्वांत जोरात म्हणतो. त्याला मी एकदा विचारले, 'दर्जाची व संधीची समानता' म्हणजे काय रे? तो म्हणाला, "दर्जा म्हणजे मालाचा ना मॅडम? एक नंबर, दोन नंबर, गोल्टी." गोल्टी म्हणजे बारका कांदा, तो वेगळा काढतात आणि कमी भावात जातो. मी त्याला चुकीचे म्हणू शकले नाही. माणसांची अशी प्रतवारी करायची नाही, असेच तर तिथे लिहिले आहे. त्याला निम्मा अर्थ आधीच येत होता, आणि सात वर्षांत आम्ही कुणी तो विचारला नव्हता.

मग एका 2 ऑक्टोबरला मी नववीची 19 मुले ग्रामसभेला नेली. मत नाही, बोलायचे नाही, मागे बसून फक्त बघायचे, असे ठरवून. मारुतीच्या सभामंडपात सभा होती. मुलांकडे वह्या होत्या. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसे लागतात हे त्यांना मी आदल्या दिवशी सांगितले होते, म्हणून त्यांनी आधी डोकी मोजली. 41. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी वाचून दाखवला जात होता, त्यात 'बंधित' आणि 'अबंधित' असे दोन शब्द येत होते. मुलांनी ते लिहून घेतले. नंतर आम्ही शोधले: त्या आयोगाचा 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता, उरलेला गाव आपल्या गरजेप्रमाणे खर्चू शकत होते. म्हणजे सभेत जो माणूस पाणंद रस्त्यासाठी तावातावाने भांडत होता, तो चुकीच्या खात्यातून पैसे मागत होता, आणि त्याला कुणी तसे सांगत नव्हते. हे एका 14 वर्षांच्या मुलीच्या लक्षात आले.

सभा संपल्यावर सह्यांची वही पुढे आली. वहीतला आकडा आणि मुलांचा आकडा जुळेना. तो फरक मुलांनी पाहिला, मी पाहिला, आणि मुलांनी पाहिल्याचे भाऊसाहेबांनी पाहिले. (ग्रामसेवकाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. 2024 पासून पदाचे नाव 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले आहे, पुस्तकात अजून ग्रामसेवकच आहे, आणि गावाच्या तोंडी कायम भाऊसाहेबच राहणार.) दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना फोन आला. कुणाचा, ते सोडून देऊ. मला बोलावून घेतले आणि अगदी समजुतीच्या सुरात सांगितले, "मॅडम, तुम्ही चांगलं शिकवता. पण शाळेत राजकारण कशाला?"

या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. आता आहे. विषयाचे नावच राज्यशास्त्र आहे. आणि दहावीच्या पुस्तकात राजकीय पक्षांवर आख्खा धडा आहे.

अर्थात भीती खोटी नाही. वर्गात एका पक्षाच्या तालुकाध्यक्षाची पुतणी असते आणि दुसऱ्या पक्षाच्या सरपंचाचा मुलगा असतो. मास्तरांनी एक वाक्य इकडचे तिकडे बोलले की संध्याकाळपर्यंत ते व्हॉट्सॲपवर गावभर. पण यावर उपाय मौन नव्हे. कागद हा उपाय आहे. कांदाबंदी योग्य की अयोग्य हे मी सांगणार नाही. अधिसूचना समोर ठेवेन, भावाचा तक्ता ठेवेन, शेतकऱ्याचे आणि ग्राहकाचे म्हणणे ठेवेन, आणि यातून कुणाचे काय होते ते तुम्ही सांगा म्हणेन. समोर कागद असला की मास्तर वाचतो आणि मुलेही वाचतात.

एक उदाहरण तर तुमच्याच पुस्तकातून देते. मार्च 2022 मध्ये आमच्या जिल्हा परिषदेची आणि पंचायत समित्यांची मुदत संपली. त्याच महिन्यात मुंबई, पुणे, नाशिक महापालिकांचीही संपली. सगळीकडे प्रशासक आले. त्या जूनमध्ये सहावीत आलेल्या मुलांना मी शिकवले की जिल्हा परिषदेचे सदस्य लोक दर पाच वर्षांनी निवडून देतात. ती मुले सातवीत गेली, आठवीत गेली, जून 2025 मध्ये नववीत बसली, तरी जिल्ह्यात एकही निवडून आलेला जिल्हा परिषद सदस्य नव्हता. एकाने विचारलेच, "मॅडम, आपला झेडपी मेंबर कोण?" ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, सर्वोच्च न्यायालय हे सगळे मला त्याला सांगता आले असते. पण तास 35 मिनिटांचा, आणि परीक्षेत प्रश्न येणार तो 'जिल्हा परिषदेच्या सदस्यांचा कार्यकाल किती वर्षांचा असतो?' उत्तर: पाच. बरोबर उत्तराला एक गुण.

म्हणून मागणी एकच आहे.

मराठीच्या पेपरात अपठित उतारा असतो. मुलाने कधीच न वाचलेला मजकूर समोर येतो, आणि तो त्याला कळतो का, त्यावर त्याला काय वाटते, हे तपासले जाते. नागरिकशास्त्रालाही असाच एक अपठित उतारा द्या. सहावीपासून दहावीपर्यंत, प्रत्येक पेपरात, पाच गुणांना. ग्रामसभेची नोटीस, नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातले एक पान, रेशन दुकानावरचा फलक, माहितीच्या अधिकारात आलेले उत्तर, निर्यातीची अधिसूचना, संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या ठरावावर कोणत्या देशाने कसे मत दिले त्याचा तक्ता. जे पान नागरिकाच्या हातात खरेच पडते, तसे पान. नवा धडा नको, चौकट नको, 'उपक्रम' तर मुळीच नको. उपक्रमाच्या वह्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका रात्रीत कशा भरतात ते तुम्हालाही माहीत आहे. लेखी 80 आणि अंतर्गत 20 या वाटणीतले अंतर्गत 20 गुण मी यासाठी मागत नाही, कारण ते सगळ्यांना सढळ हाताने मिळतात. जे पेपरात येते तेच वर्गात येते. ही आमच्या धंद्यातली लाजिरवाणी गोष्ट आहे, पण खरी आहे, आणि एकदा तरी तिचा चांगला उपयोग करून घ्या.

तपासायचे कसे, हा तुमचा पहिला प्रश्न असेल. मराठीच्या पेपरात स्वमत लिहायला सांगतात, बातमी लिहायला सांगतात, आणि राज्यभरातले हजारो शिक्षक ते तपासून गुण देतात. तेच शिक्षक, तीच लाल शाई. आदर्श उत्तर छापता येणार नाही, कबूल. गाईडवाल्यांनाही ते छापता येणार नाही.

एक नमुना जोडते. त्या ग्रामसभेला आलेल्या मुलांनीच तो तयार केला आहे, मी फक्त शुद्धलेखन पाहिले.

'ग्रामसभेची नोटीस. दिनांक 26 जानेवारी, सकाळी 10 वाजता, स्थळ मारुती मंदिर सभामंडप. विषय : 1) मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. 2) पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून करायच्या कामांची निवड. 3) ऐनवेळचे विषय. टीप : गावातील मतदार 1,400.

(अ) ही सभा सुरू होण्यासाठी किमान किती मतदार हजर हवेत? (1 गुण)
(आ) विषय क्र. 2 खाली पाणंद रस्त्याचे काम मागता येईल का? का? (2 गुण)
(इ) तुम्हाला अजून मत नाही. तरी 'ऐनवेळचे विषय' मध्ये तुमच्या वतीने एक विषय मांडायला कुणाला सांगाल, आणि कोणता? (2 गुण)'

(अ) चे उत्तर 210 नाही. वर्गातल्या निम्म्या मुलांनी पहिल्यांदा 210 लिहिले होते. (इ) ला 19 मुलांची 19 उत्तरे आली. त्यांतली सात शाळेच्या मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या कडीविषयी होती, आणि त्या सातही मुलींनी मांडायला सांगितले होते ते माझ्याकडे. मी या गावची मतदार नाही, हे मला त्यांना सांगावे लागले.

आपली,
निफाड तालुक्यातील एक शिक्षिका